क्रिम्पवाल्या पुंगळ्या : स्वेज करायच्या की रीमरने कापायच्या?

डॅलसवासी
नमस्कार मंडळी. रायफलची काडतुसं घरी रीलोड करणारे, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीत नवी पावडर, गोळी आणि बुडाशी प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी) बसवणारे, इथे चार-सहा जण आहेत हे जुन्या शिकारीच्या धाग्यावरून माहितीये, म्हणून प्रश्न इथेच टाकतोय.

एआर-१५ (सेमी-ऑटोमॅटिक रायफल) साठी .२२३ मापाची काडतुसं रीलोड करतो. आत्तापर्यंत दुकानातून आणलेल्या काडतुसांच्याच पुंगळ्या वापरत होतो, काही म्हणता काही त्रास नव्हता. आता रेंजवरच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी रीलोडिंग बंद केलं आणि एकदाच फायर झालेल्या पुंगळ्यांची भरलेली बादली मला देऊन टाकली. बहुतेक लेक सिटीच्या (अमेरिकन सैन्यासाठी काडतुसं बनवणारा कारखाना) आहेत, बुडावर एलसी, वर्षाचे दोन आकडे आणि ते नाटोचं वर्तुळातलं क्रॉसचं चिन्ह. डीकॅप केल्या, म्हणजे जुने प्रायमर पिनने बाहेर ढकलले (पिन जरा जोर लावूनच जात होती), धुतल्या, साईझ केल्या (मूळ मापावर आणल्या) आणि प्रायमर बसवायला घेतले तर बसेचनात. तोंडाशीच अडतात, जोर लावला की तिरके होतात. वाचल्यावर कळलं की हा मिलिटरी क्रिम्प, म्हणजे कारखान्यात प्रायमरभोवती आत दाबलेला पितळाचा काठ.

आता उपाय दोन दिसतायत, स्वेजर घेऊन तो काठ दाबून मागे सारायचा किंवा रीमरने कापून टाकायचा. स्वेजर महाग, रीमर स्वस्त. तुम्ही काय करता आणि का? आणि ज्यांना हा उद्योग नकोसा वाटतो त्यांनी सरळ सांगा, या पुंगळ्या भंगारात देऊन साध्या घेतल्या तर शहाणपणाचं होईल का?

तात्या_ओहायो
भंगारात अजिबात देऊ नकोस. लेक सिटीचं पितळ म्हणजे .२२३ वाल्यांसाठी मिळेल तेवढं कमीच. क्रिम्प एकदाच काढायचा असतो, नंतर ती पुंगळी फाटेपर्यंत किंवा पॉकेट (प्रायमर बसतो तो खळगा) सैल होईपर्यंत तुझीच. मी रीमर वापरतो, हातातल्या ड्रिलला लावून. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

गोदाकाठ
अडाणी प्रश्न. हा क्रिम्प मुळात असतो कशाला? कारखान्यात प्रायमर घट्टच बसवतात ना?

आबा_मिनेसोटा
@गोदाकाठ अडाणी कसला, हाच पहिला प्रश्न पडायला हवा.

काडतूस उडतं तेव्हा आतला दाब प्रायमरलाही मागे ढकलतो. बोल्ट ॲक्शन रायफलमध्ये मागे बोल्ट घट्ट असतो आणि गोळीही एकेकच सुटते, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पण मशीनगन किंवा ऑटोमॅटिक रायफलमध्ये सगळं इतक्या वेगात चालतं की सुटा झालेला प्रायमर खाली ट्रिगरच्या यंत्रणेत पडला तर हत्यार तिथेच अडकतं. लढाईत असं होऊन चालत नाही. म्हणून प्रायमर बसवल्यावर त्याच्या भोवतीचं पितळ जरासं आत दाबतात, पूर्ण गोल रिंग असेल नाहीतर तीन-चार ठिकाणी टोचल्यासारखे ठोसे. जुन्या .३०-०६ च्या पुंगळ्यांवर ठोसे दिसतात, लेक सिटीच्या ५.५६ वर (.२२३ चं मिलिटरी रूप) पूर्ण रिंग असते.

ओळखायची खूण सोपी आहे. साध्या पुंगळीत प्रायमरच्या भोकाची कड किंचित गोलावलेली असते, नखाला लागत नाही. क्रिम्पवालीत कड उभी आणि धारदार असते आणि भोवती एक बारीक चर फिरलेला दिसतो. दोन पुंगळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या की पुन्हा कोणाला विचारावं लागत नाही.

शून्य_वजा_एक
इथे मराठी माणसं घरी बसून काडतुसं भरतायत आणि आपण उपाय सुचवतोय. मला हे बरं वाटत नाही, स्पष्टच सांगतो.

हेमांगी_के
@शून्य_वजा_एक तुमचं मत मान्य आहे, त्यासाठी बंदुकांच्या कायद्यावरचा धागा चालूच आहे, तिथे जरूर लिहा, मीही लिहिलंय. इथे प्रश्न सुरक्षित कसं करायचं याचा आहे आणि ते नीट माहीत असलेलंच बरं. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी रीलोड करायला फेडरल लायसन्स लागत नाही. भरलेली काडतुसं विकायची असतील तर मात्र एटीएफचं (बंदुका आणि स्फोटकांवर देखरेख करणारं फेडरल खातं) लायसन्स लागतं.

तात्या_ओहायो
हां, आता सविस्तर.

रीमर म्हणजे छोटं कटर. पॉकेटच्या तोंडाशी फिरवलं की दाबलेला काठ कापला जातो आणि तिथे बारीक चकचकीत उतार तयार होतो. हॉर्नडीचा, लायमनचा, बऱ्याच कंपन्यांचा मिळतो, वीस डॉलरच्या आसपास. लहान प्रायमरचा वेगळा, मोठ्याचा वेगळा. हाताने फिरवला तर शंभरेक पुंगळ्यांत मनगट धरतं, म्हणून ड्रिल. ड्रिल हळू ठेवायचं, पुंगळी हातात सरळ धरायची, कटर टेकवायचा, एक-दोन वेढे आणि बाहेर. रिंग गेली की थांबायचं. हौसेने आणखी फिरवलं की उतार खोल होतो, प्रायमरला बाजूने मिळणारा आधार जातो आणि मग तिथून गॅस निघायला लागतो. बोल्टच्या तोंडावर काळा गोल डाग पडला की समजायचं.

रीमरचा मोठा फायदा असा की पुंगळी कुठल्या कारखान्याची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बुडावर एलसी, एफसी, डब्ल्यूसीसी, कुठल्याही कारखान्याचा शिक्का असो, सगळ्या एकाच टोपलीत टाकून टीव्हीसमोर बसलं तरी चालतं.

नागपुरी_संत्रं
तात्या टीव्हीसमोर नका ना बसवू लोकांना 😄 ड्रिल हातात, मॅच सुरू, कोहली आऊट झाला की पॉकेट .३०८ चं (मोठ्या काडतुसाचं) व्हायचं.

प्लॅनोकर
तात्यांशी थोडा असहमत. मी स्वेजवाला.

रीमर धातू काढतो, स्वेजर तो परत जागेवर ढकलतो. कारखान्याने आत दाबलेलं पितळ आपण कडक स्टीलच्या पिनने बाहेर दाबायचं, भोकाचं तोंड पुन्हा गोलावतं आणि पितळ जिथल्या तिथे राहतं. माझ्याकडे डिलनचा सुपर स्वेज ६०० आहे. टेबलाला बोल्टने बसवायचा, पुंगळी एका दांड्यावर चढवायची, तो दांडा पुंगळीच्या आतून बुडाला टेकतो म्हणजे बुडाला आतून आधार. मग लिव्हर ओढला की पिन बाहेरून पॉकेटात शिरते. शेवटी जरासा टणक लागतो आणि सैल होतो. हाताला ते कळायला लागलं की चुकीची पुंगळी लगेच लक्षात येते. शंभर डॉलरच्या वर जातो, पण पुढच्या पिढीला देता येईल इतका दणकट आहे.

आरसीबीएसचा एक सेटही मिळतो, तो नेहमीच्या प्रेसवरच बसतो, बराच स्वस्त. त्यात पिन खाली रॅमवर आणि आधाराचा दांडा वर डायमध्ये. पुंगळी पिनवर रुतून बसते, ती रॅम खाली आणताना एका वाटीसारख्या भागाला अडून सुटते. चालतो उत्तम, फक्त वेळ लागतो.

तात्या_ओहायो
@प्लॅनोकर आणि तो आतला दांडा किती आत ठेवायचा हे प्रत्येक हेडस्टॅम्पला (बुडावरच्या कारखान्याच्या शिक्क्याला) बदलतं, ते सांगायचं राहिलं.

प्लॅनोकर
बरोबर, तेच लिहिणार होतो. बुडाची जाडी प्रत्येक कारखान्याची थोडी वेगळी. एलसीवर लावलेलं सेटिंग जाड बुडाच्या पुंगळीवर वापरलं तर पिन जास्त आत जाते आणि पॉकेटचं तोंड फाकतं, पातळ बुडाला वापरलं तर क्रिम्प अर्धवट राहतो. म्हणून आधी हेडस्टॅम्पप्रमाणे निवड करायची, मग स्वेज. निवड करायला कंटाळा येतो हे कबूल. पण रीलोडिंगमध्ये निवड तशीही करावीच लागते, एकसारख्या पुंगळ्यांत पावडर भरली तरच ग्रुप (निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका) लहान येतो. मग हे काम आधी केलं काय आणि नंतर केलं काय.

आबा_मिनेसोटा
दोघंही बरोबर आहात, भांडू नका. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. डॅलसवासी, तू लिहिलंस की जोर लावला की प्रायमर तिरके होतात. ते पूर्णपणे थांबव. प्रायमर म्हणजे स्फोटकच आहे, चिरडलं की उडतं, त्याला फायरिंग पिनच लागते असं नाही. क्रिम्पच्या काठावर प्रायमर दाबला की त्याची बाजू खरवडली जाते, आतलं ॲन्व्हिल (ज्यावर मसाला चिरडला जातो ती छोटी ऐरण) वाकडं बसतं, मग एकतर तो नंतर उडत नाही नाहीतर प्रेसवरच उडतो. आणि तुझ्या प्रोग्रेसिव्ह (एका लिव्हरला अनेक टप्पे करणाऱ्या) प्रेसवर प्रायमरची नळी भरलेली असेल तर एकाच्या मागे सगळे उडू शकतात. डोळ्यांवर चष्मा हवाच हवा. साधा नंबरचा नव्हे, सेफ्टीचा.

डॅलसवासी
आबा, थांबवलंय. आठ-दहा पुंगळ्यांत प्रायमर अर्धे अडकलेत, त्यांचं काय करू?

आबा_मिनेसोटा
हातोडी आणि पंच घेऊन बसू नकोस. पावडर आणि बाकीचे प्रायमर खोलीबाहेर, चष्मा, आणि सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर डीकॅपिंग डायने अगदी सावकाश, झटका न देता, लिव्हरचं वजन हळूहळू टाकत बाहेर ढकल. तोंड प्रेसच्या रेषेत नको. निघालेले प्रायमर परत वापरायचे नाहीत.

कोल्हापुरी_ठसका
मी नेमबाज नाही पण कोल्हापूरचा आहे म्हणजे अर्धा नेमबाज समजा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आमच्याच, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य जिंकलं तो स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ही मंडळी पण असं रीलोडिंग करतात का?

प्लॅनोकर
नाही, आणि करताच येणार नाही. स्वप्नीलची ५० मीटर रायफल .२२ लाँग रायफल, रिमफायर. त्यात वेगळा प्रायमर नसतोच. बुडाची जी कड बाहेर आलेली असते त्या कडेच्या पोकळीत मसाला भरलेला असतो, पिन त्या कडेवर बसते आणि कड चेपते. एकदा उडाली की पुंगळी संपली. शिवाय १० मीटर एअर रायफल म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा, तिथे काडतूसच नाही. हा सगळा खटाटोप सेंटरफायरचा, म्हणजे बुडात मधोमध वेगळा प्रायमर असलेल्या काडतुसांचा.

कोल्हापुरी_ठसका
म्हणजे आमच्या पोरांनी क्रिम्पचं टेन्शन न घेता मेडल आणलं. छान छान.

हेमांगी_के
भारतातून कोणी वाचत असेल तर स्पष्ट लिहिते. भारतात लायसन्सशिवाय काडतूस बनवणं हा आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे. इथलं वाचून तिकडे कोणी प्रयोग करू नका. आणि भारतात जाताना रेंजवरची पुंगळी आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसली की पोलीस, पंचनामा, चुकलेलं विमान, सगळं आलं. रेंजवर जाते ती बॅग प्रवासाला न्यायचीच नाही असा आमच्या घरी नियम आहे.

अजून एक, हे जास्त महत्त्वाचं. इथे बरेच जण एच-१बी वर आहेत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक आणि ॲम्युनिशन दोन्ही बाळगायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. आणि कायद्यात ॲम्युनिशनच्या व्याख्येत भरलेलं काडतूसच नाही तर पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडरही धरलेत. म्हणजे गॅरेजमधली रिकाम्या पुंगळ्यांची बादलीसुद्धा. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. एच-१बी वाल्यांनी हात घालण्याआधी वकिलाशी बोला, ग्रीन कार्डच्या रांगेत असताना असलं लफडं नको.

डॅलसवासी
हेमांगीताई, धन्यवाद. मी सिटिझन आहे. पण माझा रूममेट होता त्याला रेंजवर न्यायचो, त्याने शिकारीचं लायसन्स काढलं होतं ते याचसाठी हे आत्ता कळलं. मला वाटायचं हरणाची हौस आहे.

श्टुटगार्टची_सुगरण
जर्मनीतून हजेरी. आमच्याकडे पावडरला हात लावायचा तर आधी कोर्स, परीक्षा आणि स्फोटकांच्या कायद्याच्या कलम २७ खाली परवाना. आमचे हे क्लबात ७.६२ मारतात, कोर्स करून आलेत. त्यांचं म्हणणं स्वेज. मी फक्त पुंगळ्या धुवायच्या कामाची, त्यामुळे माझं मत नाही 🙂

आबा_मिनेसोटा
धुण्याचा विषय निघाला म्हणून. प्रायमरच्या मसाल्यात लेड स्टिफ्नेट असतं, उडाल्यावर शिसं पॉकेटातल्या काळ्या राखेत उतरतं. पुंगळ्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायच्या नाहीत, घरातल्या भांड्यात तर नाहीच. कोरड्या टंबलरमध्ये (पुंगळ्या घोळवून साफ करणारं यंत्र) अक्रोडाच्या टरफलाचा भुसा वापरत असाल तर तो उपसताना धूळ उडते, ते काम अंगणात आणि मास्क लावून. मी ओल्या टंबलरवर आलो तो याचसाठी, स्टीलच्या बारीक पिना, पाणी, थोडा साबण. घरात लहान मूल असेल तर रीलोडिंगचे कपडे वेगळे ठेवा. रीमरवाल्यांनी कापलेला चुरा हाताने झटकू नये, त्यातही ती राख असते. काम झालं की हात साबणाने धुवायचे, मगच चहाचा कप.

तात्या_ओहायो
+१. आणि ओल्या टंबलरच्या पिना फ्लॅश होलमध्ये (पॉकेटातून पुंगळीत जाणारं बारीक भोक) अडकतात, त्या बघून काढा.

खडकीवाली
हा धागा मी चुकून उघडला आणि आता पूर्ण वाचलाय. माझे बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. लहानपणी सकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की आमच्याकडे डबा भरलेला असायचा. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, कान गेलेत पण फॅक्टरीचा विषय काढला की सगळं ऐकू येतं. त्यांना धागा वाचून दाखवला.

ते म्हणाले की प्रायमरला ते लोक कॅप म्हणायचे आणि कॅप बसवून झाली की तिला "रिंग मारायचे", म्हणजे तुमचा हा क्रिम्पच. मग कॅपभोवतीच्या फटीत लाखेचा रंग द्यायचे, पाणी आणि दमट हवा आत जाऊ नये म्हणून. .३०३ च्या साध्या गोळीला जांभळा रंग. मला म्हणाले, "काढायला त्रास होतोय म्हणजे आम्ही काम नीट केलं होतं." त्यांना वाटतंय तुम्ही सगळे खडकीच्याच पुंगळ्या घेऊन बसला आहात, मी काही बोलले नाही.

प्लॅनोकर
खडकीवाली ताई, बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांगा! आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही. माझ्याकडे ली-एनफिल्ड (जुनी ब्रिटिश रायफल) आहे, तिच्यासोबत जुन्या .३०३ च्या पुंगळ्या आल्या, बुडावर केएफ. किर्की फॅक्टरी, म्हणजे खडकी. टेक्सासात गॅरेजमध्ये बसून खडकीचा शिक्का बघताना जे वाटलं ते लिहिता येत नाही, मी पुण्यात रेंज हिल्सला वाढलोय.

पण त्या रीलोड करत नाही, तशाच ठेवल्यात. त्या बर्डन प्रायमरच्या.

गोदाकाठ
बर्डन म्हणजे?

प्लॅनोकर
दोन पद्धती आहेत. बॉक्सर प्रायमरमध्ये ॲन्व्हिल प्रायमरच्या आतच असतं आणि पुंगळीच्या बुडात मधोमध एकच भोक. बर्डनमध्ये ॲन्व्हिल पुंगळीचाच भाग, मधे उंचवटा आणि त्याच्या बाजूला दोन बारीक भोकं. आपली डीकॅपिंग पिन मधोमध जाते, बर्डन पुंगळीत ती उंचवट्यावर आपटून मोडते. गंमत अशी की बर्डन हा अमेरिकन माणूस आणि त्याची पद्धत युरोपात चालली, बॉक्सर इंग्रज आणि त्याची पद्धत अमेरिकेत चालली.

डॅलसवासी, तुझ्या बादलीत सरमिसळ असेल तर प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघ, एक भोक दिसलं तरच पुढे. क्रिम्पने पिन आधीच ताणली जाते, त्यात एक बर्डन निघाली तर पिन गेलीच. मिलिटरी पुंगळ्यांसाठी युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय वेगळी ठेवलेली बरी, साइझिंग डायच्या पिनवर हा भार टाकू नये.

खडकीवाली
बाबांना केएफ चं सांगितलं. खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले कुठल्या वर्षाची आहे विचार.

प्लॅनोकर
घरी गेलो की बघून फोटो टाकतो. नक्की.

नागपुरी_संत्रं
हा धागा आता माझ्या आवडत्यांत. क्रिम्प काढायला आलो होतो, खडकीला पोचलो.

डेटनचा_दादा
उशिरा येतोय. दोन्ही बाजू वाचल्या, एक मुद्दा कोणी मांडला नाही. क्रिम्प निघाला की नाही, आणि जास्त निघाला की काय, हे डोळ्यांनी ठरवू नका. गो नो-गो गेज मिळतं, पेनएवढा दांडा, एक टोक जायला हवं आणि दुसरं जायला नको. लहान रायफल प्रायमरचा व्यास साधारण ०.१७५ इंच आणि पॉकेट त्यापेक्षा एक-दीड हजारांश इंचाने लहान, त्या फरकावरच प्रायमर धरून राहतो. इतक्या बारीक फरकाचा अंदाज डोळ्याला येत नाही. गो टोक गेलं नाही तर क्रिम्प अजून आहे. नो-गो टोकही गेलं तर पॉकेट सैल, ती पुंगळी बाद. बाद केलेली पक्कडीने तोंडाशी चेपून मगच भंगारात टाकतो, म्हणजे परत चांगल्या टोपलीत मिसळत नाही.

आणि प्रायमर बसल्यावर तो बुडापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत असायला हवा. बोट फिरवून बघा, वर आलेला लगेच लागतो. एआर-१५ मध्ये फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकेच टेकते. न वापरलेलं काडतूस चेंबर करून बाहेर काढलं की प्रायमरवर बारीक ठिपका दिसतो, तो त्याचाच. वर आलेला प्रायमर असेल तर ते हलकं टेकणं पुरेसं होऊ शकतं आणि ट्रिगर न दाबता गोळी सुटते. एम-१ गॅरंड या जुन्या अमेरिकन सेमी-ऑटोमॅटिक रायफललाही हाच धोका. म्हणून अर्धवट काढलेला क्रिम्प हा फक्त कटकटीचा विषय नाही, प्रायमर पूर्ण आत न बसण्याचं ते एक ठळक कारण आहे. सेमी-ऑटोसाठी काही लोक सीसीआयचा नंबर ४१ वापरतात, तो मिलिटरी धर्तीचा, जरा कमी संवेदनशील. मोठ्या प्रायमरमध्ये नंबर ३४.

आबा_मिनेसोटा
दादाने लाखमोलाचं लिहिलंय. हे वर पिन करता येईल का?

तात्या_ओहायो
गेज माझ्याकडेही आहे. आता खरं सांगायचं तर ज्याच्याकडे दोन-पाचशे पुंगळ्या आहेत त्याने रीमर घ्यावा, ज्याच्याकडे हजारो आहेत त्याने स्वेजर. प्लॅनोकर, एवढ्यावर तरी तह?

प्लॅनोकर
तह. फक्त डीबरिंग टूलने क्रिम्प काढायचा सल्ला व्हिडिओंत देतात तो कोणी पाळू नका. त्याला थांबा नसतो, कोन वेगळा असतो, एका पुंगळीत जास्त, एकीत कमी. चांगल्या रीमरला खांदा असतो, तो बुडाला टेकला की कापणं थांबतं.

डॅलसवासी, तू डॅलसमध्ये आणि मी प्लॅनोत, अर्ध्या तासाचं अंतर. शनिवारी बादली घेऊन ये, माझा स्वेजर वापर, आवडला तर घे.

डॅलसवासी
वा! येतो. हिच्या हातचे कांदेपोहे घेऊन येतो. (गॅरेजमध्ये खायचे नाहीत, आबांचं वाचलंय.)

हेमांगी_के
बादली गाडीत ठेवताना रेंजच्या आणि प्रवासाच्या बॅगा वेगळ्या 🙂

डॅलसवासी
शनिवारचं सांगतो. आधी दोघांनी बसून निवड केली. बहुतेक एलसीच होत्या, गळ्यापाशी तो ॲनीलिंगचा (पितळ मऊ करायला तापवल्याचा) निळसर-तपकिरी डाग अजून दिसत होता. बाकी एफसी, डब्ल्यूसीसी आणि थोड्या ज्यांना क्रिम्प नव्हताच, त्या थेट बाजूला. एफसीमध्ये काहींना क्रिम्प, काहींना नाही, तिथे नखाची खूण उपयोगी पडली. एलसीचं सेटिंग लावलं आणि लिव्हरचा तो शेवटचा टणकपणा पहिल्या वीस-पंचवीस पुंगळ्यांनंतर हाताला कळायला लागला. एक जरा वेगळी लागली, काढून बघितली तर दुसऱ्याच हेडस्टॅम्पची मिसळलेली. दादांच्या सांगण्याप्रमाणे गेज लावलं, थोड्या बाद झाल्या, त्या चेपल्या.

प्रायमर हँड प्रायमरने बसवून बघितले, एकसारखा दाब लागतो आणि बोट फिरवलं तर सगळे आत. ज्या झाल्या त्यांच्या बुडावर मार्करची निळी रेघ मारून ठेवली.

आता खरं सांगतो, मी स्वेजरच घेणार. रीमर वाईट म्हणून नाही, पण मला ते हाताला कळणं आवडलं.

तात्या_ओहायो
घे रे बाबा, आनंदाने घे. डब्ल्यूसीसीला सेटिंग बदललंस का?

डॅलसवासी
हो, दांडा किंचित मागे घ्यावा लागला. ते प्लॅनोकरने करून दाखवलं.

प्लॅनोकर
@खडकीवाली फोटो टाकलाय खाली. केएफ, वर्ष ४३, त्याखाली सात आकडा रोमनमध्ये. लाखेचा जांभळा रंग एका न उडालेल्या काडतुसावर अजून आहे, फिका झालाय पण आहे. ते काडतूस मी कधीच उडवणार नाही.

खडकीवाली
बाबांना फोन मोठा करून दाखवला. ४३ म्हणजे त्यांच्या वडिलांच्या वेळचं, आजोबाही फॅक्टरीतच होते. बाबा तुम्हाला आशीर्वाद देतायत आणि विचारतायत की कॅपची रिंग नीट बसलीये का.

प्लॅनोकर
सांगा त्यांना, पूर्ण गोल आहे, कुठे तुटलेली नाही.

मिशिगनचा_मोरे
धागा उशिरा दिसला, प्रश्न राहून जायला नको म्हणून. गॅरंडसाठी .३०-०६ च्या जुन्या मिलिटरी पुंगळ्या आहेत, ठोशांचा क्रिम्प. रिंगवालीसारखंच स्वेज करायचं का?

डेटनचा_दादा
हो, पिन मोठ्या प्रायमरची लावायची. ठोशांच्या जागी कधी कधी पितळाचा बारीक पापुद्रा राहतो, स्वेज केल्यावर रीमर एक वेढा हलका फिरवला की जातो. गॅरंड आहे तर प्रायमर आत बसलाय का ते प्रत्येक काडतुसाला बोट लावून बघ, नमुन्यादाखल नाही, प्रत्येक. आणि जुन्या पुंगळ्या आहेत तर आतून वाकडी तार फिरवून बुडापाशी भिंत पातळ झालीये का तेही बघ, तिथे खाच लागली तर ती बाद. १९५० च्या आसपासपर्यंतचं बरंच .३०-०६ मिलिटरी ॲम्युनिशन कोरोसिव्ह (गंज आणणाऱ्या) प्रायमरचं होतं, पितळ धुतलेलं नसेल तर पॉकेटात हिरवट गंज सापडेल. त्या घेऊ नकोस.

मिशिगनचा_मोरे
काहींत हिरवट आहे. बाजूला काढतो. बाकीच्यांना टॉर्च मारून भोकं बघतो आधी.